खंडेनवमीचा काप

१

जयमालाताई रहाटणीच्या, आणि मूळच्या बरं का. आज जिथं सोसायटीची कमान आणि वॉचमनची केबिन आहे, तिथं त्यांच्या सासऱ्यांचा हरभरा पिकायचा. भोसरीत विलासरावांचं डिझाइन ऑफिस आहे, तिथं ताई सगळ्यांत जुन्या. बोलणं अस्सल गावाकडचं, केसांचा घट्ट अंबाडा, आणि कॉम्प्युटरपुढं बसल्या की भल्याभल्यांची बोलती बंद. चाकणपासून तळवड्यापर्यंत ज्याला ज्याला या धंद्यातलं कळतं, तो त्यांचं नाव घेताना आधी कानाची पाळी पकडतो. उगाच नाही पकडत.

त्यांची एक खोड होती. बाकीचे लोक मशिनचं मॉडेल करतात ते बाहेरून दिसेल तेवढंच. मोटर दाखवायची तर एक डबा ठेवतात आणि वर लिहितात, मोटर. आत कोण जातंय बघायला? ताईंना हे मुळीच खपायचं नाही. त्यांच्या मॉडेलमधल्या मोटरच्या पोटात तारांची वेटोळी असायची. स्क्रूला आटे असायचे, बेअरिंगमध्ये गोळ्या असायच्या, आणि गोळ्यांच्या मधली जागा हवी तेवढीच असायची.

“वरून समदंच चांगलं दिसतं गं,” त्या म्हणायच्या. “कापल्यावर खरं कळतं.”

कापायचं म्हणजे करवत घेऊन नव्हे. सॉफ्टवेअरमध्ये सोय असते. पडद्यावर एक आरपार दिसणारा पत्रा येतो, तो माउसनं मॉडेलमधून सरकवायचा. पत्र्याच्या अलीकडचं सगळं नाहीसं होतं आणि पलीकडचं, सुरीनं कलिंगड उघडावं तसं, आतून दिसतं. भरीव असेल तिथं तिरक्या रेघा, पोकळ असेल तिथं काही नाही. ऑफिसात याला सगळे ‘काप’ म्हणत. ताईंनी केलेल्या कामाचा काप निघणार म्हटलं की पोरं चहाचे कप हातात घेऊन मागं येऊन उभी राहायची. हे मी कौतुकानं वाढवून सांगत नाही, खरंच राहायची.

स्वरूपा त्या पोरांत सगळ्यांत पुढं. ती अहमदपूरकडची, डिप्लोमा करून इकडं आलेली. ताईंच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची आणि ताईंच्याच हाताखाली काम शिकायची. तिला ताईंचं इतकं वेड होतं की त्या पेन कसा धरतात तेसुद्धा ती उचलायची.

२

त्या वर्षी चाकणच्या एका कंपनीचं काम आलं. त्यांच्या नव्या शेडमध्ये जुळणीच्या लाइनवर सगळ्या बायका बसणार होत्या. त्यांच्यासाठी टेबल, खुर्ची, वरचा हवेवर चालणारा स्क्रू-ड्रायव्हर असं सगळं ठाणं डिझाइन करायचं होतं. बाईचा हात कुठवर पोचतो, गुडघा कुठं अडतो, हे बघायला सॉफ्टवेअरमध्ये एक तयार पुतळा मिळतो. तो खुर्चीत बसवायचा आणि मोजायचं.

ताईंनी तो पुतळा बसवला आणि खो खो हसल्या.

“ही कुठली गं बाई? एवढ्या लांब तंगड्या? आपल्या बाया अशा असत्यात व्हय? ही बसंल आरामात, आन् आपली बाई दिवसभर पाय लोंबकळत ठिवून काम करंल. न्हाई चालायचं.”

मग त्यांनी शिंप्याची टेप मागवली, स्वतः खुर्चीत बसल्या आणि स्वरूपाला म्हणाल्या, “घे माझी मापं.” खांदा ते कोपर, कोपर ते बोट, मांडी, पोटरी, बसल्यावर डोक्याची उंची. स्वरूपा मापं घेत गेली. ताईंनी त्या मापांचा स्वतः पुतळा केला. अंगापिंडानं हुबेहूब त्याच. अंबाडासुद्धा ठेवला, कारण मागची टेकण अंबाड्याला लागते की नाही ते बघायला नको का? अहो, असा विचार करणारं माणूस मिळतं कुठं!

पण हा पुतळा आतून मात्र रिकामा होता. नुसती कातडी. ताईंनी आत काही केलं नाही असं हे एवढं एकच काम होतं, आणि त्यांना त्याची रुखरुखही होती.

“माणसाच्या आतलं आपल्याला कुठं येतं,” त्या म्हणाल्या आणि फाइल सेव्ह केली.

३

खंडेनवमीला आपल्याकडं हत्यार चालवत नाहीत. कारखान्यात मशिन धुऊन-पुसून झेंडूच्या माळा घालतात, ऑफिसात कीबोर्डला हळदकुंकू लावतात. विलासरावांच्या ऑफिसातही तसंच. खाली छोटा वर्कशॉप आणि वर डिझाइनची खोली. सकाळी ताईंनी प्रत्येक माउसवर एकेक फूल ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, “आज कुनी हात लावायचा न्हाई. इसावा घेऊ द्या त्यास्नी.”

सगळे खाली पूजेला गेले. स्वरूपा चप्पल शोधत मागं राहिली आणि तिला एकदम आठवलं, टेबलाखाली पुतळ्याचा गुडघा ड्रॉवरला लागतो की काय, ते बघायचं राहिलंय. चाकणची मीटिंग दसऱ्यानंतर लगेच होती. दोन मिनिटांचं काम. माउस म्हणजे काय कोयता आहे? असं मनाशी म्हणत तिनं फूल उचलून बाजूला ठेवलं आणि मॉडेल उघडलं.

खालून आरतीची झांज ऐकू येत होती. वरची खोली रिकामी, पंखे बंद, धुतलेल्या फरशीचा वास. तिनं पत्रा उजवीकडून आत सरकवला. टेबलाचा पाय कापला गेला. मग ड्रॉवर. मग पुतळ्याचा गुडघा.

गुडघा भरलेला होता.

तिला आधी वाटलं, तिरक्या रेघा असतील, कुणीतरी चुकून भरीव केला असेल. तिनं चित्र मोठं केलं. रेघा नव्हत्या. बाहेर कातडी, तिच्याखाली पिवळसर पातळ थर, मग मांसाचे पदर, आणि मधोमध हाड. हाडाच्या कडेला घट्ट भिंत आणि आत साबुदाण्यासारखं बारीक बारीक जाळं. गुडघ्याची वाटी दोन हाडांच्या मधे अशी बसलेली की मधली फट कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही. स्वरूपानं आजवर हजार काप बघितले असतील. इतकं सुंदर काम तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

“अगं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली. “ताईंनी केलं की काय हे?”

आणि घाबरायचं सोडून तिनं पत्रा पुढं सरकवला. कोपर आलं, खांदा आला, बरगड्या एकामागून एक उघडत गेल्या. बरगड्यांच्या आत फुप्फुस होतं, आणि त्यातल्या वाटा फाटत फाटत इतक्या बारीक होत गेल्या होत्या की पडद्यावर मावत नव्हत्या. तिच्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता, हे खरं सांगायला हवं.

तेवढ्यात खाली झांज थांबली. गलका झाला. कुणीतरी ओरडलं, “पाणी आणा, पाणी!”

ती धावत खाली गेली. ताई लेथला टेकून बसल्या होत्या, उजवा हात छातीला लावून. चेहरा पांढराफटक.

“काय न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “नऊ दिसांचा उपास. कळ आली एक. जीव थोडा थोडा झाला.”

उपास होताच. सगळ्यांना पटलं. स्वरूपालाही पटलं.

४

दुसऱ्या दिवशी दसरा. तिसऱ्या दिवशी तिनं पहिलं काम केलं ते पुतळ्याची फाइल तपासायचं. ताईंना हळूच विचारलं तर त्या म्हणाल्या, “मी कशाला आत करीन? नुसती साल हाय ती.” आणि फाइलमध्येही तेच होतं. नुसती कातडी. आकारमान शून्य, वजन शून्य. आत काही नाही असं सॉफ्टवेअर स्वतः सांगत होतं, आणि काप घेतला की सगळं होतं.

तिनं सॉफ्टवेअरवाल्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा मुलगा सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, “मॅडम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा.” तिनं केला. काही फरक पडला नाही. त्यानंतर तिनं कुणाला सांगितलं नाही.

सांगितलं नाही याचं कारण तिला ठाऊक होतं. सांगितलं असतं तर कुणीतरी ते दुरुस्त केलं असतं.

रविवारी दुपारी ती आपल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. जेवणं झाली होती. गल्लीत भंगारवाला ओरडून गेला आणि मग शांत झालं. खाली ताई भांडी घासत होत्या, तो आवाज जिन्यातून वर येत होता. घासणीची खसखस, नळ, मग ताट रॅकमध्ये ठेवल्याचा टण्ण असा आवाज. तिनं मॉडेल उघडलं आणि पत्रा उजव्या खांद्यापाशी आणला.

खसखस थांबली.

तिनं पत्रा मागं घेतला. खसखस सुरू झाली. योगायोग, ती म्हणाली. तिनं पत्रा परत आत नेला, थोडा जास्त. खाली काहीतरी खणखणत फरशीवर पडलं आणि ताईंच्या सासूबाईंचा, शालनबाईंचा आवाज आला, “काय झालं गं? पुन्यांदा कळ?”

“व्हय,” ताई म्हणाल्या. “आत कुनी दोरा फिरवल्यागत होतंय.”

इथं शहाण्या माणसानं लॅपटॉप मिटला असता. स्वरूपा मूर्ख नव्हती, पण पडद्यावर जे होतं ते बघणाऱ्यानंच बघावं. फुप्फुसाच्या वाटांमधून रक्ताच्या वाटा अशा काही गुंफल्या होत्या की एकीचा धक्का दुसरीला लागू नये. आपण पाइपांची जोडणी करतो तेव्हा कुठं ना कुठं दोन पाइप एकमेकांत घुसतातच. इथं एकही नाही! तिनं चित्र आणखी मोठं केलं, अगदी जवळून बघायला.

तेव्हा तिला त्या रेषा दिसल्या. सुंदर जाळीतून सरळ खाली गेलेल्या, केसाएवढ्या, करड्या. एक खांद्यात, एक बरगडीत, दोन फुप्फुसात. त्या देहातलं काहीच सरळ नव्हतं, या रेषा तेवढ्या पट्टीनं मारल्यासारख्या सरळ होत्या. तिनं ज्या ज्या जागी पत्रा थांबवून डोळे भरून बघितलं होतं, त्या त्या जागी त्या होत्या.

आता मात्र तिनं लॅपटॉप मिटला. 

५

सोमवारी तिनं अक्षरशः हट्ट करून ताईंना काळेवाडीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, छातीला नळी लावली आणि म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, उपासानं पित्त झालंय. ताईंनी विजयी मुद्रेनं तिच्याकडं बघितलं.

परत येताना कोपऱ्यावर चहा घेतला. स्वरूपाला राहवेना. तिनं सगळं सांगून टाकलं. पूजेच्या दिवशी माउसला हात लावल्यापासून, रविवारच्या भांड्यांपर्यंत. सांगता सांगता ती रडायला लागली.

ताई आधी हसल्या. “अगं खुळे, बाईच्या छातीत कळ यायला सॉफ्टवेअर लागतं व्हय?”

“ताई, मी तुमच्या गळ्याची शपथ घेते.”

“माझ्या गळ्याची नगं घेऊ. तुझ्या घे.” पण हातातली बशी त्यांनी खाली ठेवली. बशीतला चहा तसाच राहिला. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “दिसतं कसं गं? आतून?”

हा प्रश्न स्वरूपाला अपेक्षित नव्हता. तिनं डोळे पुसले आणि सांगायला लागली. हाडातलं जाळं, वाटीची फट, एकमेकींना न लागणाऱ्या वाटा. सांगताना तिचा आवाज कधी बदलला ते तिलाही कळलं नाही. ताई ऐकत होत्या. आपल्या मुलाचा पहिला नंबर आल्याचं दुसऱ्याकडून ऐकावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“कुठं फटबिट? कुठं जास्तीचं मटेरियल?”

“कुठंच नाही, ताई.”

“कोपरे?”

“एकपण धारदार कोपरा नाही.”

“बग,” ताई म्हणाल्या. “आन् मी म्हनत होते आतलं आपल्याला येत न्हाई.”

“ताई, मी ती फाइल काढून टाकते.”

“काढून टाक की,” ताई म्हणाल्या, आणि दोघी एकदमच थांबल्या. नुसता पत्रा फिरला तर कळ येते. मग खोडल्यावर काय होईल?  ताईंनी चहा संपवला.

“राहू दे मग हाय तशी,” त्या म्हणाल्या. “काप तेवढा घेऊ नगंस.”

“मरेपर्यंत घेणार नाही,” स्वरूपा म्हणाली.

६

मीटिंगच्या दिवशी विलासरावांनी गाडी काढली. स्वरूपानं पूर्ण तयारी केली होती. कापांची चित्रं तिनं आधीच काढून ठेवली होती, टेबलाची, ड्रॉवरची, खुर्चीची. त्यात पुतळा कुठंच नव्हता. मॉडेल उघडायची वेळच येणार नाही अशी व्यवस्था केली होती. ताई मागच्या सीटवर बसून नेहमीसारख्या रस्त्यावरच्या ट्रकांना शिव्या घालत होत्या. रंग परतला होता, तब्येत झकास होती.

कंपनीची मीटिंगची खोली लांबलचक. खिडक्यांना पडदे, भिंतभर मोठा स्क्रीन, एसीची एकसुरी घरघर. पलीकडं दरवाजा बंद असूनही शेडमधल्या प्रेसचा धप्प, धप्प असा आवाज जमिनीतून पायांना कळत होता. कंपनीचे चारपाच लोक होते. त्यांचे मुख्य जयसिंग साहेब, माणूस जाणकार. त्यांनी ताईंना बघताच उठून नमस्कार केला.

“तुम्ही स्वतः आलात म्हणजे आमची परीक्षा संपली,” ते म्हणाले. ताई लाजल्या.

स्वरूपानं चित्रं दाखवायला सुरुवात केली. सगळं सुरळीत चाललं होतं. टेबलाची उंची आवडली, अंबाड्यासाठी टेकणीला दिलेली खाच बघून तर साहेब मोठ्यानं हसले. मग म्हणाले, “बाकी सगळं ठीक आहे हो, पण हे फोटो झाले. मॉडेल उघडा ना. बाई बसवलीय म्हणता, तर बाईसकट काप दाखवा. गुडघा कुठं अडतो ते माझ्या डोळ्यांनी बघू दे.”

विलासराव म्हणाले, “दाखव की, स्वरूपा.”

तिनं मॉडेल उघडलं. स्क्रीनवर ताई बसलेल्या दिसल्या, राखाडी रंगाच्या, हात टेबलावर. तिनं माउस मुठीत धरून ठेवला.

“सर, फाइल मोठी आहे. हँग झालं वाटतं.”

“हँग न्हाई झालं,” शेजारून ताई म्हणाल्या.

स्वरूपानं वळून बघितलं. ताईंचे डोळे स्क्रीनवर होते. ऑफिसात मागं उभं राहून काप बघणाऱ्या पोरांचे असायचे, तसे.

“ताई, नको,” ती कुजबुजली. “पाया पडते.”

“अगं, आख्खी हयात दुसऱ्याच्या वस्तू आतून बगत आले.” ताईंनी तिच्या हाताखालचा माउस अलगद काढून घेतला आणि दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरून ठेवलं. “एकदा बगू दे की मला.”

७

ताईंनी घाई केली नाही. त्यांनी पत्रा उजवीकडून आणला, ड्रॉवरपाशी क्षणभर थांबवून साहेबांना गुडघ्याखालची मोकळी जागा दाखवली आणि मग पुढं नेला.

खोलीत कुणीतरी “अरे वा” म्हणालं. मग एसीची घरघर आणि जमिनीतून येणारा धप्प आवाज तेवढा राहिला. खांदा उघडला. बरगड्या उघडल्या. ताईंच्या तोंडून बारीक हुंकार निघाला, दुखल्यावर निघतो तसा, पण हात थांबला नाही. मनगटावरची पकड घट्ट झाली.

“हे तुम्ही केलंत?” जयसिंग साहेबांनी विचारलं.

“आमीच की,” ताई म्हणाल्या. आवाज दमलेला होता आणि त्यात मावत नव्हता एवढा अभिमान होता.

स्वरूपानं हात सोडवायला हिसका दिला. उठून वायर ओढायची, एवढंच करायचं होतं. ती अर्धी उठलीही. पण पत्रा आता मध्यावर पोचला होता, आजवर ती कधीच तिथवर गेली नव्हती, आणि तिची नजर स्क्रीनवर गेली.

फुप्फुसांच्या मधे ते होतं. चार कप्पे, त्यांच्यामधल्या भिंती, भिंतींना बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्या. आणि ते हलत होतं. एक झडप मिटत होती, दुसरी उघडत होती, कापलेल्या भिंती जवळ येत होत्या आणि दूर जात होत्या, आणि कुठंही काही कशाला घासत नव्हतं.

“ॲनिमेशनपण टाकलंय?” साहेब खुर्चीतून उठून स्क्रीनजवळ गेले. “कमाल केली, ताई! मानलं राव तुम्हाला!”

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. विलासरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वरूपा अर्धवट उभी होती तशीच उभी राहिली. वायर तिच्या हाताशी होती. शेजारी वळून बघायचं तिला सुचलं नाही, इतकं ते सुंदर होतं.

मग ते हलायचं थांबलं.

स्वरूपाच्या मनगटावरचा हात अजून तिथंच होता, फक्त त्यातला जोर गेला होता.

साहेब स्क्रीनकडं तोंड करूनच उभे होते. “थांबवलंत का, ताई?” ते म्हणाले. “चालू राहू द्या की थोडा वेळ.”